अळ्यांची पसंती

नंदनवन कॉलनीतल्या तीन गल्ल्या सोडून अळ्यांनी आमचंच संत्र्याचं झाड निवडलं, यात अळ्यांची काही चूक नव्हती.

झाड बाबांचं. पाच वर्षं जपलेलं कलम, आणि त्या साली ते पहिला बहार घेणार होते. आत्याच्या घराचे कवेलू, म्हणजे कौलं, पावसाआधी फेरायला भिवापूरला जाताना मला बजावून गेले, "मृग लागेपर्यंत थेंब द्याचा नाही. तहानलं की मंगच फुलते ते."

मी हो म्हटलं. पण मे महिना, तोही नागपूरचा. मी कूलरसमोर, आणि झाड उन्हात पानं गुंडाळून उभं! चौथ्या दिवशी माझं मन मला खायला लागलं. (हा माझा जुना आजार.) बादलीभर पाणी दिलं. मग रोजच दिलं. बायकोच्या गुलाबांसाठी आणलेला युरियाही दिला.

महिनाभरात झाड कोवळ्या पालवीनं लसलसलं. शेजारच्या देवघरेकाकांचं मात्र मरगळलेलं. मी कुंपणावरून टोमणा मारला, "काका, झाडाले पाणी द्याले जीवावर येते का?"

"पाणी तोडून ताण देऊन राहिलो गा," ते शांतपणे म्हणाले. "तुह्या बाबानंच शिकवलं."

मग फुलपाखरं आली. एकेका कोवळ्या पानाला शेपूट टेकवून उडायची. (अंडी घालत होती. मी मात्र गल्ली गोळा करून तो देखावा दाखवत होतो.) चार-सहा दिवसांनी पानांवर काळे-पांढरे ठिपके दिसले. पाखरांची घाण, असा मी निकाल दिला.

बायकोनं पान डोळ्यांजवळ धरलं. "अहो, ही घाण चालून राहिली."

"वाऱ्यानं हालत असन."

"अन् पान काहून खाऊन राहिली मंग?"

पुढच्या आठवड्यात ती घाण बोटाएवढी हिरवीगार झाली आणि पालवीचे देठ तेवढे उरले.

मृगानंतर बाबा परतले. झाडाकडे बघत उभेच राहिले. मी घाबरून सांगितलं, "काकांच्या झाडावरून आल्या." (आजही हे लिहिताना लाज वाटते.)

बाबा तडक पलीकडे गेले. मृगात पाणी मिळालेलं काकांचं झाड फुलांनी पांढरं झालं होतं. बाबांनी फांदी न् फांदी उलटून पाहिली. एक अळी नाही.

"अळीले जून पान नाही चालत," ते कुंपणाशी येऊन म्हणाले. "कोवळं लागते. अन् उन्हाळ्यात कोवळं पाण्याबिगर येत नाही. कोणं देल्लं पाणी?"

"मी, बाबा. दया आली त्याची."

"माही आली असती तं बरं झालं असतं."

मी काकांची माफी मागितली. बाबांची मागायला तोंड नव्हतं. आमच्या झाडावर त्या साली एक फूल आलं नाही. बाबा रोज सकाळी काकांच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसत. मी चहा घेऊन गेलो की कुंपणावरूनच हात पुढं करत.

"कप दे, अन् तिकडंच थांब. हे झाड अजून चांगलं आहे."