सतरा चुकीचे, एक बरोबर

सर्जेकोटच्या रस्त्यावर विनीताचं दुकान होतं. मच्छीमारांचे वायरलेस सेट दुरुस्त करणारी त्या बंदरात ती एकटीच, आणि त्यात बाईमाणूस. म्हणजे लोकांना हसायला आयतंच कारण. दोनदोनशे रुपयांच्या वायरलेस चिपा आणून तिने सेटची फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र बनवलं. स्वस्त चिप तापली की खोटं बोलते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती पाच चिपा शेजारीशेजारी ठेवायची, अर्धा तास तापू द्यायची, मोबाइल टॉवरच्या पक्क्या फ्रिक्वेन्सीशी त्यांची चूक ताडायची आणि मगच आकडा लिहायची. मोठी चिकाटीची बाई.

बंदरातल्या अठराही होड्यांचे सेट दहा किलोहर्ट्झने चुकलेत, असं ते यंत्र सांगत होतं. इथली रीतच तशी. नवा सेट आला की तो सत्यवान तांडेलाच्या सेटशी जुळवायचा. त्याचा आवाज स्वच्छ आला की फ्रिक्वेन्सी फिरवायचा स्क्रू तिथेच ठेवायचा. सत्यवान सगळ्यांत जुना, सगळ्यांत मानाचा. त्याचा सेट कधीच सरकला होता आणि त्याच्यामागून अख्खं बंदर सरकलं होतं. आपापसात ऐकू येई, पण अडचणीत किनाऱ्यावरच्या केंद्राला हाक मारली तर तिथे नुसती खरखर पोचली असती. विनीताच्या जिवाला घोर लागला, कारण अठरांतली एक होडी तिच्या नवऱ्याची, चंदनची होती. ती जेटीवर गेली आणि तिने सत्यवानला सांगितलं.

"माझो सेट चुकीचो?" सत्यवान चारचौघांत गरजला. "पंचवीस वर्सा ह्याच्यार सगळो बंदर बोलता. आता तुझा खेळणा माका शिकवतला?"

सगळे खो-खो हसले. मूर्खांना हसायला काय लागतं!

"माझो तरी बरोबर लाव गो," चंदन म्हणाला. तिने लावला.

जेटीवरच चंदन आणि सत्यवानने आपापल्या सेटवरून बोलून पाहिलं. जवळून आवाज पोचला, जरा घोगरा. "पडसा झाला काय रे चंदन?" सत्यवानने चिडवलं. विनीताही हसली. तिथेच ती चुकली. एवढं मोजणारी बाई, पण लांबून काय ऐकू येईल ते मोजायचं राहिलं.

नोव्हेंबरात खोल समुद्रात चंदनच्या होडीत पाणी शिरलं. केंद्र पल्ल्याबाहेर होतं, सत्यवानची होडी चार मैलांवर. चंदन हाका मारत राहिला. सत्यवानच्या सरकलेल्या सेटवर नुसती घरघर आली. खलाशाने आवाज बारीक केला आणि तो जेवायला बसला. चंदनचे दोन गडी फळीला धरून वाचले. त्यांनी सांगितलं, की चंदन शेवटपर्यंत माईक सोडत नव्हता. बायकोने लावलेला सेट आहे, कुणाला तरी ऐकू जाणारच, असं म्हणत होता.

चौकशीला सरकारी साहेब आले, लाखाचं यंत्र घेऊन. त्यांनी उरलेले सेट तपासले, विनीताची वही पाहिली. "ताई, तुमचं माप अगदी अचूक आहे," ते कौतुकाने म्हणाले. "सतराही चुकलेत. बरोबर होता तो तुमच्या मिस्टरांचाच."

तिला रडूही येईना. एकही सेट लावला नसता तरी चंदन जगला असता, आणि अठराही लावले असते तरी जगला असता. तिने एकच लावला होता.

दुसऱ्या दिवशी सत्यवान काखेत सेट धरून दारात उभा. त्याच्यामागे सोळा जणांची रांग.

"विनीता," तो खाली बघत म्हणाला, "आता बरोबर लाव गो."

"ठेवा थंय."

संध्याकाळपर्यंत तिने सतराही लावून दिले. आता त्या बंदरातल्या कुणाचीही हाक वाया जात नाही.