बॅटरीचं पाणी

गिंडीच्या प्रयोगशाळेत मी भाजलेल्या जखमांवर लावायचं जेल बनवत असे. समुद्री शेवाळापासून काढलेली पूड पाण्यात कालवली की पारदर्शक, चिकट लगदा होतो आणि तो जखमेत ओलावा धरून ठेवतो. पण उचलायला गेलं की फाटतो. तो फाटू नये म्हणून मी त्यात चिंचोक्यांची पूड मिसळून पाहत होते. लग्न करून नाशिकहून इकडे तमिळ मुलखात, गिंडीजवळच्या तांबरमला आल्याला सात वर्षं झाली होती, त्यातली पाच या लगद्यात गेली.

मग एका उन्हाळ्यात जेल जमलं. चिमट्यानं उचललं तरी अखंड राहिलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, सगळ्यांना मैसूरपाक वाटला, माझा शोधनिबंध छापून आला. एका इस्पितळातले सर्जन येऊन जेल बोटांनी ताणून गेले. जाताना म्हणाले, "माझ्या वॉर्डात कधी देता?"

त्या वर्षी शहरात पाण्याचे हाल होते. पाण्याची लॉरी आली की गल्लीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागे. शुद्ध पाणी तयार करणारं आमचं यंत्र थंड ठेवायलाच खूप पाणी लागतं, म्हणून ते बंद ठेवलं होतं. त्याऐवजी मोटारीच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचे डबे औद्योगिक वसाहतीतल्या दुकानातून येत.

पुढे पाऊस झाला, यंत्र सुरू झालं आणि माझं जेल पुन्हा फाटायला लागलं.

आठ महिने मी कारण शोधत होते. पूड बदलली, तापमान बदललं, चिंचोके तीन बाजारांतून आणून पाहिले. सर म्हणाले, "हात बसला होता तुमचा, तो गेला." संध्याकाळी घरी पोचले की मुलीचा दहीभात कालवायचंही जिवावर यायचं. नवरा काही विचारत नसे. तेच बरं वाटे.

आमच्याकडे काचेची भांडी धुणाऱ्या एक मामी होत्या. मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. शब्द जुने, हेल तमिळ, त्यामुळे सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. एका दुपारी मी हातमोजे काढून नुसती बसले होते, तेव्हा त्या जवळ आल्या.

"मॅडम, रागावू नका. डब्याचं पाणी होतं तेव्हा माझ्या कॉफीच्या भांड्याला बुडाशी पांढरं धरत होतं. आतां धरत नाही."

पांढरं म्हणजे कॅल्शियम. शेवाळाच्या पुडीला कॅल्शियम मिळालं की ती घट्ट होते, हे तर आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी स्वतः जाऊन त्याच दुकानातून डबा आणला. चिंचोक्यांशिवाय जेल केलं. ते उचललं तरी फाटलं नाही. डब्यात नुसतं बोअरचं पाणी होतं.

चूक दुकानदाराची होतीच, पण त्याहून मोठी माझी होती. तुलनेसाठी बिनचिंचोक्यांचं साधं जेल त्याच पाण्यात नव्यानं करून पाहायचं, ते मी केलं नव्हतं. आदल्या वर्षीचे, यंत्राच्या पाण्याचे आकडे तसेच उचलले होते. वेळ वाचवायला.

"कोण विचारणार आहे?" सर म्हणाले. "छापलंय ते राहू दे."

"सर, ते सर्जन विचारतायत."

मी नियतकालिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. सर्जनांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. गॉजची पट्टी आहेच आमच्याकडे." त्यांनी दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

मामींना हे कळलं तेव्हा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मी बोलले नसते तर बरं झालं असतं का हो?"

"नाही, मामी," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण त्या दिवशी माझी स्वतःचीच तेवढी खात्री नव्हती.

माझी बढती त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी हुकली. नंतर मी कॅल्शियमचंच साधं जेल नीट करायला घेतलं. बाजारात तशा जेलची पट्टी आधीच मिळत होती. आमची तिच्याहून वाईट नव्हती, फारशी चांगलीही नव्हती. सर्जनांनी ती काही रुग्णांवर वापरली आणि जखमा भरल्या म्हणून कळवलं. मी ते पत्र फाइलला लावलं आणि दुसऱ्या दिवशीसाठी पूड भिजत घातली.