मिठातल्या पाली

सॉल मास्तरांविषयी दयारामला खरे म्हणजे फारच थोडे ठाऊक होते. पनवेलच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत दोघांनी अकरा वर्षे एकत्र काढली. एक शास्त्राचे मास्तर, दुसरा शिपाई. पण मास्तरांना मूलबाळ का नव्हते, प्रार्थनेत ते काय पुटपुटत, इतके हळू का बोलत, हे दयारामने कधी विचारले नाही. ठाऊक होते ते एवढेच, की या माणसाला पाली-सरड्यांच्या पायांचे वेड आहे.

मास्तर बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते लेखणीला हात लावत नसत, जीवजंतू पकडतही नसत. दुपारी दयारामला घेऊन खाडीच्या काठाने नाहीतर विचुंब्याच्या वाटेने हिंडायचे आणि नुसते बघायचे. एखादी पाल दिसली की म्हणायचे, "दयाराम, लक्षात ठेव."

दयाराम कोळ्याचा. त्याचा बाप भर पाण्यात कालचीच जागा शोधून जाळे टाकायचा. मग याला एखादा दगड नि एखादे झाड लक्षात ठेवणे काय जड! रविवारी तो मास्तरांना नेमक्या त्याच जागी नेई. मास्तर पाल धरीत, तिच्या पायाला जागेची चिठ्ठी बांधीत आणि ती स्पिरिटच्या बाटलीत जाई.

"पण मास्तर, पाय कशाला मोजायचं?" त्याने एकदा विचारले.

"पायावरून घर कळतं, दयाराम. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली बघ, बारीक पट्ट्या आहेत. त्यांनी ती चिकटते. कुंपणावरच्या सरड्याचे मागचे पाय लांब, बोटं लांब. सापसुरळी पाचोळ्यात घुसते, तिला लांब पायांची अडचणच."

"मंग निवटीचं पण तसंच. चिखलात राहते, म्हणून मासळी असून परांवर चालते."

मास्तर चालता चालता थांबले. "हे मला सुचलं नव्हतं," ते म्हणाले. दयारामला त्या दिवशी जेवण जास्त गेले.

छप्पन साली मास्तरांचे इस्रायलला जायचे ठरले. बायकोचे, हॅनाबाईंचे, भाऊ आधीच तिकडे गेले होते. बाटल्या नेता येणार नव्हत्या, पायांच्या मापांची वही तेवढी जाणार होती. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी मापे घ्यायची आणि वही पुरी करायची, असे त्यांनी योजले होते. कोणाला दाखवायची म्हणून नव्हे. "एक काम तरी अर्धं टाकून जायला नको," एवढेच ते म्हणाले.

एप्रिलात ते कागदपत्रांसाठी बारा दिवस मुंबईला गेले. दारूबंदीमुळे स्पिरिटला परवाना लागे आणि तो काही येईना. उकाड्याने बाटल्यांतले स्पिरिट उडत चालले. दोन बाटल्यांना वास सुटला तेव्हा दयारामचा धीर सुटला. मग त्याला जे येत होते ते त्याने केले. एकेचाळीसच्या एकेचाळीस जीव बाहेर काढले, मीठ चोळून दोन दिवस दाबून ठेवले आणि शाळेच्या गच्चीवर वाळत घातले. चिठ्ठ्यांचा मिठाच्या पाण्यात लगदा झाला.

मास्तर परत आले आणि टोपलीत बघत राहिले. वाकड्या, चिमटलेल्या, पांढरट पाली.

"कुजल्या असत्या, मास्तर. आमी मासळी अशीच ठेवतो."

मास्तर म्हणाले, "चाखून नाही ना बघितलीस?"

दयारामला हसू येईना. त्याचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर एक पाल भिजवून बसले. मांस आटले होते, पण हाडे काही आखडत नाहीत. उजवा पाय सोलून हाडे मोजायची, डावा तसाच ठेवायचा, असे ठरले. मात्र चिठ्ठ्यांशिवाय कोणती कुठली हे कळेना, आणि जागाच ठाऊक नसेल तर माप घेऊन उपयोग काय?

"तुझ्या लक्षात आहे तेवढं सांग," ते म्हणाले.

दयाराम सांगू लागला. ही तुटक्या शेपटीची, बंदरावरच्या वखारीची. ही मोठी, कौलांखालची. हा सरडा निवडुंगावरचा. वीस दिवसांत चाळीस झाल्या. एकेचाळिसावी मात्र काही केल्या आठवेना. पुन्हा मास्तरांचे नुकसान करायला नको, म्हणून तो घाईने म्हणाला, "भिंतीवरची. शाळेच्याच."

मास्तरांनी लेखणी उचलली, मग खाली ठेवली आणि भिंग त्याच्या हातात दिले. "डावा पाय बघ."

दयारामने बघितले. बोटे बारीक, सरळ, टोकाला नख. खाली पट्ट्या नव्हत्या.

"मास्तर, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "ही भिंतीला चिकटणार नाय. ही दगडातली." आणि लगेच, "चिरनेरच्या वाटेला! ओढ्यातल्या काळ्या दगडाखाली. तुमचा चष्मा पडलेला तवा!"

मास्तरांनी लिहिले. मग वही त्याच्यापुढे फिरवली. चौथी शिकलेल्या दयारामला तेवढे वाचता आले. प्रत्येक ओळीत, जागेपुढे, मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: सांगणार, दयाराम कोळी.

जूनमध्ये ते निघाले. एस.टी. स्टँडवर दयाराम सुक्या मासळीचे पुडके घेऊन आला. सोनाबाईने, त्याच्या बायकोने, स्वतः खारवलेली. मास्तर मोटारीत खिडकीशी बसले होते. मांडीवर वही होती.

"खवल्यांची आहे ना? बिनखवल्यांची आमच्या धर्मात चालत नाही, हॅना विचारील."

"खवल्यांचीच. बघून घेतलीय."

मास्तरांनी पुडके नाकाशी नेले. "मीठ चांगलं लागलंय."

"या खेपेला मासळीच हाय, मास्तर."