विहिणीचे पाय

दीपमालाला दुखण्याचा जेवढा वैताग होता, त्याहून जास्त दुखण्यावर बोलणाऱ्यांचा होता. दुखणं निदान तोंड उघडत नव्हतं. वडूजच्या बाजारात भेटलेली कुणीतरी बाई, जिचं नावगावही ठाऊक नाही, सरळ तिची वाकडी बोटं हातात घ्यायची, उलटीपालटी करून बघायची आणि सुरू व्हायची. कुणी म्हणे एरंडेल प्या. कुणी म्हणे वांगं सोडा. कुणी बोकडाच्या पायाचा रस्सा सांगे, आणि तो पिऊन आठवडा होतो न होतो तोच दुसरी कुणी सांगे की मटणानंच वात चढतो. एका चुलत सासऱ्यानं घोरपडीचं तेल आणून दिलं होतं. घोरपड मारणं गुन्हा आहे असं तिच्या लेकीनं, शिवांजलीनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मेलेलीच सापडली होती. त्या तेलाचा वास किती धुतलं तरी गोधडीतून गेला नाही. शेवटी गोधडीच फेकून दिली. दीपमालाच्या आईनं माहेरी नेऊन तिच्या घोट्यांवर बिब्बा घातला. तिथली कातडी सोलून निघाली, डाग राहिले आणि दुखणं होतं तिथंच राहिलं.

आजार एकच असता तर तिनं कसाही निभावला असता. पण तिच्या अंगात आजारांची भावकीच जमली होती. आधी हातापायांच्या सांध्यांत संधिवात आला. मग कमरेच्या मणक्यात गॅप निघाला. मग थायरॉईड. आणि सगळ्यात शेवटी, कातडीला नुसतं बोट लागलं तरी अंगभर ठणकणारं एक दुखणं. त्याचं लांबलचक नाव सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा म्हणून दाखवलं. घरात कुणालाच ते उच्चारता येईना, म्हणून कुणी ते खरंही मानलं नाही. भावकीचा स्वभाव जसा असतो तसाच या आजारांचा. हाडांचा डॉक्टर म्हणे, हे मणक्याचं नव्हे, वाताचं. वाताचा म्हणे, रक्तात वात आटोक्यात आहे, हे दुसरंच काहीतरी. थायरॉईडवाला तर रिपोर्ट बघून हसून म्हणाला, तुम्ही एकदम ठणठणीत आहात. वाताच्या गोळीनं पोट जळायचं. पोटासाठी आणखी एक गोळी. तोंडाला सूज यायची ती वेगळीच, आणि ते सुजलेलं तोंड बघून गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, आता कशी तब्येत सुधारली बघा. अशा वेळी त्या बायकांच्या अंगावर ओकावं, असं तिला मनापासून वाटायचं.

नवरा जोतीराम लष्करातून नायब सुभेदार होऊन परत आलेला. गावानं त्यातला नायब गाळून टाकला होता आणि सुभेदारांनीही तो कधी परत मागितला नाही. माणूस वाईट नव्हता. औषधं संपायच्या आत आणायचे, सांगली असो की सातारा, गाडी करून न्यायचे. पण दुखणं म्हणजे ढिलेपणा, अशी त्यांची पक्की समजूत होती. रोज सकाळी ते तिला अंगणात उभी करून हात वर, हात खाली करायला लावत. रात्रभर न झोपलेल्या बाईला सांगत, पडून राहिलं की माणूस गंजतो.

बाकी सगळं शिवांजलीवर होतं. लेक आता तेवीस वर्षांची. शाळेत असल्यापासून घरच्या भाकऱ्या तीच थापायची. आईची वेणी, आईच्या परकराची नाडी, आईच्या ताटातली भाकरी मोडून कुस्करून देणं, संडासातून आईला उठवणं, सगळं तिच्याकडं. वडूजच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी आईचं अंग लाकडासारखं झालेलं असायचं, ते सुटेपर्यंत दहा वाजायचे आणि पोरीचं प्रॅक्टिकल बुडायचं. करता करता कॉलेज सुटलं. कॉलेज सोड असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि दीपमालाला त्याचीच सगळ्यात जास्त घाण वाटायची. कुणी सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

पोरीच्या ओढणीलासुद्धा निर्गुडीच्या तेलाचा वास यायचा. जवान पोर, आणि तिच्या अंगाला आईच्या दुखण्याचा वास. तो नाकात गेला की दीपमालाला स्वतःच्या देहाची शिसारी यायची. आपल्याला बरं वाटावं ही आशा तिनं कधीच सोडून दिली होती. आता तिला एकच गोष्ट हवी होती. या वासातून, या घरातून पोर बाहेर काढायची. लग्न लावून तर लग्न लावून.

स्थळ आणलं दादासोनं, सुभेदारांच्या मावसभावानं. कृष्णाकाठचं पलूसकडचं घर, बारमाही ऊस, मुलगा धैर्यशील पुण्याला कंपनीत. पहिली दोन वर्षं सुनेनं गावी राहायचं, मग पुण्याला बिऱ्हाड. दीपमालानं पुणं तेवढं ऐकलं. दादासोनं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. त्या लोकांना दुखणेकऱ्याच्या घरातली पोर नको होती, आईचं तेच लेकीत उतरतं म्हणे. सुभेदारांनी परस्पर सांगून टाकलं होतं की किरकोळ सांधेदुखी आहे, थंडीपुरती. तेव्हा सुपारी फोडायच्या दिवशी दीपमालानं चालती-बोलती, हसती-खिदळती दिसायचं असं ठरलं. बायकोचं दुखणं खरं मानायला ज्यांना इतकी वर्षं जड गेलं, तेच लोक आता ते लपवायला जिवापाड धडपडत होते. तिला हसावं की थुंकावं कळेना. पण पोरीसाठी ती तयार झाली. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी करत आणलेली गोळी तिनं त्या सकाळी आपल्या मनानंच दुप्पट घेतली.

मंडळी आली तेव्हा ऊन रणरणत होतं. विहीण होणारी राजेश्वरी जरीच्या साडीत, अंगानं भरलेली, चेहऱ्यानं शांत. सतरंजीवर न टेकता तिनं आल्या आल्या खुर्ची मागितली. पायात मोजे. एवढ्या उन्हात मोजे बघून बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, तर दादासो हळूच म्हणाला की बागाईतदारांच्या बायका, पायांना जपतात. दीपमालानं चहाचा ट्रे मनगटांवर तोलून फिरवला. पाहुण्यांच्या फालतू विनोदांना हसली. आतून कंबर फाटत होती, पण वरून कुणाला काही कळलं नाही. सुभेदार तिच्याकडं अशा समाधानानं बघत होते की तिला त्यांचं तोंड बघवेना.

पुरुषांचं उसाच्या दराचं बोलणं संपेना, तरी शेवटी सुपारीचं ताट पुढं आलं. त्या भागात सुपारी फोडण्याआधी मुलीच्या आईनं विहिणीचे पाय धुवायची रीत होती. हल्ली फारसं कुणी करत नाही. राजेश्वरी स्वतःच म्हणाली की राहू द्या, कशाला तो त्रास. सगळ्यांनी तिच्या मोठेपणाचं कौतुक केलं. दीपमालाला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं, कारण एकदा जमिनीवर बसलं की परत उठायचं कसं, याचाच तिला घोर होता.

पण सुभेदारांना आपली बायको किती तंदुरुस्त आहे ते दाखवायची हीच वेळ सापडली. रीत ती रीत म्हणाले. आमच्या घरात मानपान सोडत नाहीत म्हणाले. आणि परात आणायला सांगितली.

इतका तिरस्कार दीपमालाला आजवर कुणाचाच वाटला नव्हता. ती हसत हसत खाली बसली. बसताना मणक्यातून जी कळ निघाली ती टाळूपर्यंत गेली. शिवांजली कोमट पाण्याचा तांब्या ठेवून पंचा आणायला आत गेली. राजेश्वरीनं पाय मागं घेतला. दीपमालाला वाटलं, हा विहिणीचा तोरा. तिनं पाय पुढं ओढला आणि वाकड्या बोटांनी कसाबसा मोजा उतरवला.

अंगठा आत वळून शेजारच्या बोटावर चढलेला. बोटं एकमेकांत अडकलेली. जोडवी बोटात जात नव्हती म्हणून काळ्या दोऱ्यानं बांधलेली. घोटा सुजून गोल झालेला, आणि त्याच्याभोवती बिब्ब्याचे काळे डाग, काही जुने, काही अजून ओले. पावडर भरपूर थापली होती, पण कोमट पाणी पडताच ती धुऊन गेली आणि खालचा वास वर आला. निर्गुडीचं तेल. हा दीपमालाच्याच घरातला वास होता.

"किती वर्षं झाली?" तिनं मान वर न करता विचारलं.

"धैर्यशील शाळेत हुता तवापासनं." राजेश्वरीचे ओठ जेमतेम हलले. "कुणाला बोलू नगा, ताई."

"घरातलं समदं करतं कोण?"

"बाई ठेवली की टिकत न्हाई. आता शिवांजली येईल की." राजेश्वरी हे मायेनं म्हणाली, त्यात काही वाईट आहे हे तिच्या गावीही नव्हतं. "आजीचं समदं तिनंच केलं म्हनं. दादासो सांगत हुते. म्हणून तर हीच पोर बघितली. घरात एक दुखणं हाय तेवढं बास झालं, सून धडधाकट पायजे."

शिवांजलीची आजी एक दिवससुद्धा अंथरुणाला खिळली नव्हती. ज्वारी खुरपता खुरपता बांधावर बसली आणि गेली. दादासोनं इकडचं दुखणं म्हातारीच्या नावावर खपवलं होतं, तिकडचं मोज्यात दडवलं होतं, आणि आता सतरंजीवर मांडी घालून पेढा खात होता. राजेश्वरीचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिचा राग येत नव्हता. हातातल्या त्या पायाला किती ठणका लागला असेल हे दीपमालाएवढं तिथं बसलेल्या कुणालाच कळत नव्हतं.

शिवांजली पंचा घेऊन आली, शेजारी उकिडवी बसली. तिनं तो पाय पाहिला. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"तुला म्हाईत हुतं?" दीपमालानं विचारलं.

"धैर्यशीलनं फोनवर सांगितलं होतं."

"आन् तरी तू व्हय म्हणालीस?"

शिवांजली राजेश्वरीच्या बोटांमधलं पाणी टिपत होती. न दुखवता कसं टिपायचं ते तिला सवयीनं येत होतं. "काम तर तेच हाय, आई," ती अगदी हळू म्हणाली. "पण तिथं कण्हणारी तू नसशील. दुसऱ्याचं कण्हणं मला ऐकवंल. तुझं आता ऐकवत न्हाई."

राजेश्वरीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. दीपमाला परातीतल्या गढूळ पाण्याकडं बघत राहिली. रात्री उशी दातांत धरून पडायची, म्हणजे पोरीला काही ऐकू जात नाही, अशी तिची समजूत होती.

दादासोनं सुपारी हातात घेतली होती.

"फोडू नका," दीपमाला मोठ्यानं म्हणाली.

सुभेदारांनी दटावल्यासारखं विचारलं, काय झालं म्हणून.

"मला थंडीपुरतं दुखत न्हाई. बारा म्हैने दुखतंय. सकाळी मला माझी नाडी बांधता येत न्हाई, ही पोर बांधती. आन् ह्यांचा पाय बगा." तिनं राजेश्वरीकडं हात केला, पण बोट दाखवलं नाही. "ह्यांनाबी तसंच हाय. त्यात आमा दोघींचा दोष न्हाई. पण एका हातरुणापासनं उचलून ह्या पोरीला आपण दुसऱ्या हातरुणापाशी बसवाय निघालोय, आन् त्याला लगीन म्हणतोय. मला किळस आली ह्याची."

दादासोनं सुपारी ताटात ठेवली आणि उगाच हात पुसले. सतरंजीवर बसलेल्या धैर्यशीलनं आईच्या उघड्या पायाकडं पाहिलं, मग मान खाली घालून मोबाईलकडं पाहिलं. राजेश्वरी वाकून मोजा चढवायला बघत होती. हात तिथवर पोचत नव्हता, आणि तिच्या घरचं कुणीही जागचं उठलं नाही. शिवांजलीचा हात आपोआप मोज्याकडं गेला.

"तू बस," दीपमाला तिला म्हणाली.

मग तिनं स्वतः उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरले होते, कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. शिवांजली पुन्हा पुढं झाली.

"तुला बस म्हणलं न्हवं. आवं, तुमी या. तुमी उठवा मला."

सुभेदार आले. सगळ्या पाहुण्यांसमोर बायकोच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, पुन्हा पुढं केला. मनगट धरावं की दंड, त्यांना काही कळत नव्हतं. एवढी वर्षं ती त्याच घरात दुखणं काढत होती.

"कुठं धरू?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. काखेत हात घाला, खांदा ओढू नका, कंबरेला गुडघ्याचा टेका द्या. त्यांनी ऐकलं तसं केलं, तरी खांदाच ओढला गेला, आणि दीपमाला आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत जोरानं ओरडली. शिवांजलीनं ते ऐकलं. ती परातीजवळ बसून राहिली, उठली नाही.