लोंबता धागा

कारखान्यात तिला समोर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की चिमटीबाई. स्वेटरच्या कारखान्यात शेवटचं टेबल तिचं. विणून, शिवून, इस्त्री होऊन आलेला प्रत्येक नग तिच्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात पडत नसे. काम एवढंच की लोंबता धागा शोधायचा. सापडला की अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा. सैल असला तर सरळ हातात येतो. अडला, तर मनगटाला एक बारीकसा झटका द्यायचा. धागा मुळाशी तुटतो आणि कापडाला पत्ताही लागत नाही. हा झटका तिच्यासारखा कुणालाच जमत नसे. मुकादम नव्या बायकांना शिकायला तिच्या शेजारी बसवायचा आणि ती त्यांना आठ दिवसांत रडवायची.

एकतीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा हात माणसाचं ऐकत नाही. बसमध्ये पुढच्याच्या कॉलरला दोरा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. नवरा गेला त्या दिवशी सांत्वनाला आलेल्या साहेबांच्या बाहीवरचा धागा तिने रडता रडता काढला होता, आणि साहेबांनी भीतीने हात मागे घेतला होता. ही गोष्ट तिची धाकटी बहीण हसून हसून सांगायची. चिमटीबाईला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

नवरा गेला, मागोमाग कारखाना बंद पडला, आणि ती धाकटीकडे राहायला आली. धाकटी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, एकटी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घर धाकटीचं, खिडकीतल्या बावीस कुंड्या धाकटीच्या, दोन मांजरं धाकटीची. थोरलीची एक पेटी आणि भरपूर मतं.

मांजरांशी तिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. सरदार हा पिवळा, दांडगा, एक कान फाटलेला बोका. त्याला बसायला अख्खं घर मोकळं होतं, पण नेच्याच्या कुंडीतच बूड टेकायचं हा त्याचा हट्ट. टिकली ही काळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, अंगाने एवढीशी. कपाटाचं दार नखाने उघडून आत मोज्यांवर झोपायची. विणकाम हातात घेतलं की दोघं दोन बाजूंनी चाल करून यायचे. म्हणून धाकटीचा नियम होता: सुया खाली ठेवल्या की लोकर पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट, अगदी दाराची घंटा वाजली तरी आधी झाकण.

"कारखान्यात ढिगांनी लोकर पडलेली असायची, कुणी झाकत नव्हतं," थोरली म्हणायची.

"कारखान्यात सरदार नव्हता, ताई."

धाकटीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच काढू, थांबण्यात अर्थ नाही. जायच्या सकाळी ती पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली आणि एकेक सांगू लागली. कोरफडीला पाणी नको. नेच्याला रोज. टिकलीला दूध दिलंस तर निस्तरावं लागेल. थोरली दारात उभी होती. धाकटीला वाक्य पुरं करू द्यायचं नाही ही तिची सवय बहीण बोलायला लागल्यापासूनची. धाकटीने तोंड उघडलं की पुढचं आपल्याला ठाऊकच आहे, असं तिला वाटायचं.

"आणि ताई, कधी मांजराला धागा–"

"धाग्याचं? तू मला धाग्याचं सांगतेस? ऊठ आता, टॅक्सी खाली उभी आहे."

धाकटी हसली आणि उठली. भांडायची तिची तयारी नव्हती, तिच्या मनात दुसरीच भीती होती.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, पुढचं तपासणीनंतर कळेल म्हणाले. डॉक्टरांनी थोरलीला व्हरांड्यात नेऊन बजावलं, "बारा दिवस इथेच राहतील. मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका." चार ते सहा भेटायची वेळ. धाकटी डोळे किलकिले करून पहिलं हेच विचारायची, "सरदार जेवला का?"

"जेवला. तुझ्याहून जास्त जेवला."

त्या आठवड्यात चिमटीबाईला बहिणीसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं, आणि करता येण्यासारखं एकच होतं. दवाखान्यातून आल्यावर पांघरायला म्हणून धाकटीने एक निळी शाल विणायला घेतली होती. डब्यातून ती बाहेर काढली तेव्हा थोरलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. टाके कुठे घट्ट, कुठे ढिले. मधेच एक टाका निसटलेला, त्याची शिडी खाली चार बोटं गेलेली. मुकादमाने ही शाल फेकून मारली असती. तिने सुई काढली आणि अर्धी शाल उसवून टाकली. म्हटलं, नीट विणून ठेवू, येईल तेव्हा बघत राहील.

उसवलेली लोकर कुरळी होते, तशीच विणली तर वीण बिघडते. म्हणून तिने लडी करून धुतल्या आणि सरळ व्हाव्यात म्हणून खिडकीतल्या दांडीवर, कुंड्यांच्या वर, खाली वजनाला चमचा बांधून लटकवल्या. ओल्या लडी डब्यात कशा ठेवणार? झाकणाचा नियम तिला आठवला नव्हता असं नाही. आठवला, आणि आपल्यासारख्या बाईला तो लागू नाही असं वाटलं. साडेतीनला खिडकी लोटून घेऊन ती दवाखान्यात गेली.

परतली तेव्हा नेच्याची कुंडी जमिनीवर फुटून पडली होती, चमचा दाराजवळ आणि एक लडी सगळ्या घरभर. टिकली कपाटावर. सरदार मातीत बसून मिशा चाटत होता. तिने दोघांचा यथेच्छ उद्धार केला, माती भरली, लोकर गोळा केली. तुटलेली टोकं दिसली, पण थोडी लोकर कमी भरतेय हे लक्षात यायला तिने ती काट्यावर थोडीच तोलली होती.

दुसऱ्या दिवशी सरदार ओकला. तिसऱ्या दिवशी जेवला नाही, पलंगाखाली पाठ वर काढून बसून राहिला. दुपारी तिने त्याला बाहेर ओढलं, पुसायला म्हणून शेपटी वर केली, आणि खाली निळा धागा दिसला. दोन बोटं लांब, लोंबता.

तिला हायसं वाटलं. एवढंच ना! गिळलेलं खालून निघतंय, मोकळं केलं की झालं. तिने चिमटीत धरला, हलकेच ओढला. वीतभर सहज आला. मग अडला.

पुढचं तिने केलं असं म्हणणं अवघड आहे. तिच्या मनगटाने केलं. एक बारीकसा झटका. धागा तुटून हातात आला, आणि सरदार ओरडला. या घरातल्या सहा वर्षांत त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. तो तिला चावलाही नाही, नुसता पलंगाखाली परत गेला.

त्या दिवशीही ती चार वाजता दवाखान्यात हजर होती.

"सरदार जेवला का?"

"जेवला," ती म्हणाली.

"आज बसत नाहीस?"

"बसले तर उठवणार कोण? मी काय आता पोरगी आहे?"

घरी आली तर सरदारचं पोट फळीसारखं कडक झालेलं. भाजीच्या पिशवीत घालून तिने त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी, केस मागे बांधलेले, बोलायला मऊ. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडलं, जीभ वर केली. धाग्याचं दुसरं टोक जिभेच्या मुळाशी अडकलेलं होतं. तिथून निळा धागा आत गेलेला.

"खालून कुणी ओढला का हा?"

"नाही," चिमटीबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. धागा वर अडकलेला असला की आतडं त्याच्यावर गोळा होतं, त्या सांगत होत्या, पिशवीची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडतात तसं. मग जरा जरी ताण बसला तर धागा आतडं कापतो. लगेच आणलं असतं तर जिभेजवळचं टोक सोडवून, पोट उघडून धागा काढता आला असता. चिमटीबाई मान हलवत होती. कपड्यात ही गोष्ट तिला डोळे मिटूनही कळली असती. ताणलेल्या धाग्याने कापड चिरतं, हे तिनेच नव्या पोरींना शिकवलं होतं.

पोट उघडलं तेव्हा आत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरदारला त्यांनी पुन्हा जागं केलं नाही.

दुसऱ्या सकाळी इमारतीच्या मागच्या भिंतीलगत तिने कुंड्यांच्या खुरप्याने खड्डा खणला. खुरपं लहान, जमीन कडक, दीड तास लागला. वरच्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं काय करताय, तर म्हणाली, झाड लावतेय. मग तिथेच बसून रडली. मांजर मेलं म्हणून साठी उलटलेली बाई अशी रडते हे बघून ती वरची बाई खिडकीतून आत गेली.

पुढचे सहा दिवस ती रोज चार वाजता गेली आणि रोज बोलण्यातच सरदारला जेवू घातलं. आज नेच्यात बसला होता. आज माझ्या चपलेवर झोपला. धाकटी हसली की टाक्यांवर हात दाबून धरायची. असलं खोटं बोलणं सोपं असतं, ऐकणाऱ्याला खरं हवं असतं म्हणून. आज सांगू, उद्या सांगू, टॅक्सीत सांगू. टॅक्सीतही ती रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दलच बोलली.

धाकटी दोन ठिकाणी टेकत जिने चढली. टिकली पायात आली. धाकटी पलंगाच्या कडेला बसली, पिशवी मांडीवर, आणि तिने हाक मारली. मग खिडकीकडे पाहिलं. नेच्याची कुंडी नवी होती, आणि तिच्यातल्या मातीवर कुणी बसल्याची खूण नव्हती.

"ताई, तो कुठेय?"

थोरलीने सगळं सांगितलं. शाल, लडी, चमचा, कुंडी. डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलली तेही. सांगताना ती उभीच होती.

"धागा कुठून दिसला?"

"शेपटीखालून."

"आणि तू ओढलास."

"ओढला."

"अडला तेव्हा झटका दिलास?"

थोरलीने मान डोलावली.

धाकटीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग ती बोलली ते रागाने नाही, जायच्या सकाळी जसं एकेक सांगत होती त्याच आवाजात. "कधी मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबताना दिसला, तर ओढू नकोस, ताई. आत कुठे अडकलाय ते आपल्याला कळत नाही. कापूही नकोस. तसंच उचलून डॉक्टरकडे ने." थांबून ती म्हणाली, "एवढंच सांगायचं होतं त्या दिवशी."

साठ वर्षांत पहिल्यांदा थोरलीने तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं.

संध्याकाळी जखमेची पट्टी बदलायची होती. घरात दुसरं होतंच कोण! धाकटी आडवी झाली, तिने सदरा वर केला. थोरलीने जुनी पट्टी सोडवली. पोटावर काळ्या दोऱ्याचे अकरा टाके, आणि शेवटच्या गाठीपाशी दोऱ्याचं एक टोक, बोटभर, लोंबतं. तिचा उजवा हात उचलला गेला, अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं. धाकटीने ते पाहिलं आणि श्वास रोखून धरला. बहिणीला आपल्या हाताची भीती वाटली, हे थोरलीने डोळ्यांनी पाहिलं.

तिने हात खाली घेतला आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसली.

"तू सांग कसं करायचं," ती म्हणाली. "सगळं सांग. मी मध्ये बोलणार नाही."