खारबावची तिकिटं

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो वसईला. नारपोलीतल्या आमच्या घरापासून भिवंडी रोड स्टेशन जवळ, आणि तिथून वसईची गाडी थेट. सांगायला याहून सोयीचं काही नाही. पण गाड्या मोजक्या, आणि सकाळची गाडी तिला पोचवायची तेव्हा पहिलं लेक्चर संपलेलं असायचं. म्हणून ती ठाण्यावरून बसने जायची आणि घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकून पडायची. दिवाळीपर्यंत तिने रेटलं. मग एका संध्याकाळी पाठीवरची सॅक न उतरवताच म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी नाही जमणार. इथेच कुठेतरी कामाला लागते."

मी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात डिस्पॅच सांभाळते. 'इथेच कुठेतरी' म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. काम वाईट नाही, पण तिने ते निवडलेलं नव्हतं.

त्याच सुमारास कळलं, की या मार्गावर जादा गाड्या सोडायच्या तर खर्चाचा काही वाटा राज्य सरकार उचलेल. मात्र आधी प्रवासी मोजणार. माणसं दिसली तर पैसे मिळणार, नाहीतर फाइल बंद. मोजणीचा दिवस निघाला शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे कापडाचे लूम बंद असतात. खडखडाट थांबतो, लोक उशिरा उठतात, प्लॅटफॉर्मवर कुत्री आरामात झोपतात. दिवस ठरवणारा भिवंडीचा नसणार, हे उघड होतं.

आमच्या वॉर्डात एक कार्यकर्ते आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी यावर तोडगा काढला आणि टेम्पो भरभरून माणसं स्टेशनवर आणली. मुलीला घेऊन मी पोचले, तर प्लॅटफॉर्मवर वऱ्हाड उतरल्यासारखी गर्दी. तिकिटं भाऊंनीच वाटली होती, सगळ्यांना एकाच ठिकाणाची. खारबाव, म्हणजे आमच्या पुढचंच स्टेशन.

सर्व्हेवाली मुलगी हातात टॅब घेऊन आमच्या शेजारी राहणाऱ्या खालांना विचारत होती, "कुठे जाणार?"

"खारबाव."

"कशासाठी?"

"गाडी बढाने के लिए!"

मागून काल्हेर गावची एक बाई ओरडली, "आन् परत घरी कवा सोरणार? माना जेवान करायचा हाय."

सर्व्हेवाली माझ्याकडे आली. "तुम्हीपण खारबाव?"

"वसई. ही कॉलेजला जाते."

"आज वसई म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तिने आवाज खाली आणला. "मॅडम, हे असंच वर गेलं ना, तर जादा गाडी खारबावपर्यंतच सोडतील आणि तिथूनच परत फिरवतील."

मी सरळ भाऊंकडे गेले. "भाऊ, माणसं घरी पाठवा."

"अहो ताई, तुमच्याच पोरीसाठी केलं ना!"

"तिला वसईला जायचंय. तुम्ही तिला खारबावला उतरवताय."

मग सर्व्हेवालीला विचारलं, "आमच्या गोदामात मोजणी चुकली तर फेरमोजणी करतात. तुमच्यात नसते का?"

"असते. पण साहेबांना कारण द्यावं लागतं."

"कारण हे, की शुक्रवारी लूम बंद असतात."

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. बरंच 'हो सर, हो सर' झाल्यावर सोमवार ठरला. भाऊ नाराज झाले. "एवढी माणसं जमवली, त्यांचं काय करू?"

"ज्याला खरंच जायचंय त्याला सोमवारी आणा. आणि तिकीट त्याचं त्याला काढू द्या."

"तो आज जाना नहीं क्या?" खालांनी विचारलं. तिकीट हातात होतं आणि त्यांना ते फुकट घालवायचं नव्हतं. त्या गेल्या. दुपारी तोंडली आणि वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन परतल्या आणि गल्लीभर खारबावच्या बाजाराचं कौतुक करत फिरल्या.

सोमवारी गर्दी शुक्रवारपेक्षा कमी होती, पण उत्तरं वेगवेगळी होती. कोणी खारबावच्या पुढे कामणला कारखान्यात जाणारं, कोणाची बहीण जुचंद्रला. खाला रिकामी पिशवी घेऊन हजर. कशासाठी, म्हटल्यावर ठसक्यात म्हणाल्या, "भाजी!" आणि आमच्या मुलीच्याच कॉलेजच्या दोघी निघाल्या. एक काल्हेरची, एक पूर्णाची. इतके महिने तिघी वेगवेगळ्या बसमध्ये एकाच ट्रॅफिकमध्ये अडकत होत्या आणि कॉलेजात एकमेकींना कुठून येतेस म्हणून विचारलंही नव्हतं. मला गोदामातून फोनवर फोन येत होते आणि त्या तिघी बाकावर बसून येताना रिक्षा मिळून करायची का, ते ठरवत होत्या.

सर्व्हेवालीचा शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच होता. मुलीलाही तिने तो विचारला. "सकाळी लवकरची गाडी नाही मिळाली, तर काय कराल?"

मी फोन बाजूला धरला. दिवाळीचं उत्तर मला पाठ होतं.

मुलीने त्या दोघींकडे बघितलं. "तरी जाणार. आता तिघी आहोत," ती म्हणाली. मग घाईने टॅबवर वाकली. "पण ताई, तुम्ही ते तसं लिहू नका हं!"