जमादारांच्या नावाची कमान

मंगरूळपीरच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवायला घरचं कुणी आलं नव्हतं. आले होते किसनराव जमादार, ड्युटीच्या खाकीतच. आदल्या आठवड्यात सोयाबीनचं वजन काट्यात मारणाऱ्या अडत्याच्या मी कानाखाली वाजवली होती, आणि त्यांनीच मला ठाण्यात बसवलं होतं. कोठडीत नाही, टेबलाशी. अडत्याविरुद्धची तक्रार माझ्याकडून चार वेळा लिहून घेतली. "हात उचलला का तूच आरोपी होतं बे. लिही. काय पाह्यलं, कोणी केलं, किती वाजता." घरचे अडत्याला घाबरले, म्हणून मी गाव सोडलं.

आज चाकणला जुन्या लेथ मशीन घेतो आणि विकतो. सौद्यात मला सहसा कुणी गुंडाळत नाही. समोरचा बोलून मोकळा होईपर्यंत मी तोंड उघडत नाही आणि प्रत्येक शब्द कागदावर घेतो. हे शिक्षण जमादारांचं. डोकं मात्र अजूनही तसंच तापतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळ नदीच्या फाट्यावर चोरट्या वाळूचा टिपर अडवताना त्याच टिपरने त्यांना चिरडलं. भर सकाळी. मी पोचलो तर फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स. कोपऱ्यात जमादार, आणि खाली त्यांच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला टिपरमालक. गाववाल्यांनो, त्या फ्लेक्सखाली तुम्ही दोन मिनिटं माना खाली घालून उभे होतात. तेवढ्यात एकाने तरी मान वर करायला हवी होती.

फाट्यावर चहाची टपरी माझ्या चुलतभावाची, सुखदेवची. त्याच्या डोळ्यांदेखत झालं.

"मले काई दिसलं नाई, दादा."

"तुह्या टपरीपुढं झालं, अन् दिसलं नाई?"

"तू दोन दिसानं चाकणले जाशीन. मले इथंच चहा विकाचा हाय."

मी त्याला शिव्या दिल्या. परतीच्या गाडीत कळलं, तो बरोबर बोलला होता. महिन्याभरात त्याला बायकोपोरांसकट चाकणला आणलं, माझ्या गोडाऊनच्या गेटजवळ टपरी टाकून दिली. मग त्याने पोलिसांपुढे तोंड उघडलं. टिपर ड्रायव्हर नाही, मालकाचा मुलगा चालवत होता.

हे कळताच मालक स्वतः चाकणला आला. "भाऊ, गावाच्या तोंडाशी कमान बांधतो. संगमरवरात साह्यबाचं नाव. तुमच्या भावानं कोर्टात फक्त म्हनावं, धुकं होतं."

आयुष्यात इतका स्वस्त सौदा मला कुणी सांगितला नव्हता. हात शिवशिवला. मी तो टेबलाखाली ठेवला आणि म्हटलं, "मंजूर. पुढून साहेबांचं नाव, मागून चालवणाऱ्याचं."

तो चहा अर्धा टाकून उठला.

त्यानंतर तुमचे फोन सुरू झाले. गावाची कमान माझ्यामुळे गेली म्हणे. कुणी म्हणालं, "मेलेला मानूस काई परत येते का? नाव तं राह्यलं असतं." शेवटी मी काकूंना, जमादारांच्या पत्नीला, विचारलं. कमान त्यांच्या नवऱ्याची होती, नाही म्हणण्याचा हक्क त्यांचा. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यायनं जिंदगीभर लोकायच्या साक्षी लिहल्या. त्यायच्यासाठी एकानं तं द्या."

मागच्या महिन्यात वाशिमच्या कोर्टात सुखदेवने ती दिली. मालकाच्या वकिलाने धुक्याचं विचारलं. तो म्हणाला, "धुकं नवतं साह्यब, ऊन होतं. चिरडून जाताना मालकाचा पोट्टा मागं वळून पाह्यत होता." मी सुखदेवकडे पाहत नव्हतो. मी मालकाचा चेहरा पाहत होतो, आणि ते सुख मी लपवणार नाही.

निकाल अजून बाकी आहे. तो लागेपर्यंत प्रत्येक तारखेला मी येणार. पुण्यात कुणी गाव विचारलं की पूर्वी तुमच्या वस्तीचं नाव सांगायचो. आता माझं गाव म्हणजे कोर्टातला तो एक बाक. त्यावर काकू, सुखदेव आणि मी बसतो. अजून दोघांची जागा आहे. ज्यांना त्या सकाळी ऊन दिसलं होतं, त्यांनी यावं. बाकीच्यांशी माझं नातं संपलं.